दोन बोटं लांब बाही

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू बाबाचा लहानपणीचा निळा स्वेटर घालून बसली होतीस. शाळेत विणकाम शिकवायला लागलेत असं सांगितलंस, आणि मग दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर ताणून विचारलंस, "आजी, ही मिस्टेक आहे का?" डावी बाही मनगटापाशी थांबली होती. उजवी पार बोटांच्या पेरांपर्यंत आली होती. मागून तुझा बाबा म्हणाला की तो स्वेटर पहिल्यापासून तसाच आहे. तेवढ्यात तुझ्या भावाला पडलेला दात दाखवायचा होता, त्यामुळे माझं उत्तर राहून गेलं.

कॅमेऱ्यासमोर मला ते नीट सांगताही आलं नसतं. अर्धं तुमचं बोलणं ऐकण्यात जातं आणि अर्धं माझा चेहरा चौकटीत आहे की नाही हे बघण्यात. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबाला मोठ्याने वाचायला सांगा आणि दोघंही ऐका. एखादा शब्द अडला तर त्याला थांबवा. त्यालाही अडला तर मला फोन करा, तुमच्या सकाळच्या वेळी.

एक शब्द आत्ताच सांगून ठेवते, कारण तो पुढे सारखा येणार आहे. छोटी आजी ही माझी जाऊ, म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. इंग्रजीत तिच्यासाठी वेगळा शब्द नाही. तिथे नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी सगळ्या एकाच नावाखाली येतात. जिच्याबरोबर मी एका स्वयंपाकघरात अकरा वर्षं काढली तिला वेगळा शब्द हवा.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा व्हरांडा. व्हरांड्याला प्लायवूड ठोकून धाकट्या जोडप्याची खोली केली होती. सासूबाई, आजोबा आणि मी, छोटे आजोबा आणि छोटी आजी, आणि तुमचा बाबा, असे सहा जण. तळमजला असल्याने पुढे गवताची एक पट्टी आमच्या वाट्याला आली होती, आणि थंडीत ती पट्टी हेच आमचं खरं घर होतं. दिल्लीची सरकारी घरं जानेवारीत आतून इतकी गारठतात की फरशीवर पाय ठेववत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला धुकं विरायचं, ऊन समोरच्या ब्लॉकच्या टाकीवरून उतरून आमच्या गवतावर यायचं आणि साडेतीनला निघून जायचं. तेवढ्या वेळात सगळा ब्लॉक बाहेर. कुणी मटार सोलतंय, कुणी गाजरं किसतंय, कुणी केस वाळवतंय, मुलं दरीवर, म्हणजे तिथल्या सतरंजीवर, पालथी पडून पाढे म्हणतायत. आणि जवळजवळ प्रत्येक बाईच्या हातात सुया.

आमच्याकडे लग्नाआधी कुणीच लोकरीला हात लावला नव्हता. आम्हाला शिकवलं शेजारच्या पंजाबी मौसीजींनी. एका थंडीत त्यांनी सासूबाई, मी आणि माझी जाऊ अशा तिघींना एकाच दरीवर बसवून तयार केलं. त्यांची सगळी शिकवण एका वाक्यात होती. "एक सीधा, एक उल्टा. इतना ही है जी, बाकी तो बैठना है."

ते बसणंच सगळ्यांना आवडायला लागलं. रविवारी पुरुषही यायचे. आजोबा दोन्ही गुडघ्यांवर लोकरीची लडी चढवून बसायचे आणि आम्ही तिचा गुंडा करायचो. ते वर्तमानपत्र वाचायला लागले की गुडघे जवळ यायचे, लडी घसरायची आणि सासूबाई नुसत्या "हं" म्हणायच्या. छोट्या आजोबांनी एकदा गंमत म्हणून मफलर सुरू केला. विणायला ते शिकले, पण विणकाम बंद कसं करायचं हे त्यांनी कधी विचारलं नाही. उरलेली लोकर जोडत जोडत तो मफलर वर्षानुवर्षं वाढत राहिला. मौसीजींचे यजमान येता-जाता विचारायचे, "क्यों भाई, कहाँ तक पहुँचा?" आणि छोटे आजोबा म्हणायचे, "बस, पालम आ गया." पालम म्हणजे तिकडे विमानतळापाशी.

स्वेटरच्या बाबतीत सासूबाईंचा एक नियम होता. स्वेटर कुणी एकटीने विणायचा नाही. पाठ माझी, पुढचा भाग जावेचा, बाह्या जिला सवड असेल तिच्या, आणि गळा, काठ आणि शेवटची जोडणी त्यांची. मला वाटायचं, काम लवकर उरकतं म्हणून असेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "एकटीने विणला की घालणाऱ्याला जन्मभर ऐकावं लागतं, मी विणला म्हणून."

आता हाताबद्दल सांगते. सगळ्या विणणाऱ्यांचा हात सारखा नसतो. कुणाचा टाका आवळ पडतो, कुणाचा सैल. माझा आवळ होता, इतका की सुया कुरकुरायच्या. मी इंग्रजी मासिकातला नमुना बघून विणायची. आधी चार बोटांचा एक चौकोन विणून तो स्टीलच्या पट्टीने मोजायचा, मग टाक्यांचा हिशेब करायचा, मग सुरुवात. किती ओळी झाल्या ते रोज वहीत लिहायची. जाऊ यातलं काहीच करायची नाही. ती बोलत विणायची. कऱ्हाडच्या गोष्टी, नदीवरच्या, शाळेतल्या, कुणाच्या लग्नात कोण रुसलं त्याच्या. गोष्ट रंगात आली की तिचा टाका लांबायचा. तिने विणलेला भाग उजेडात धरला तर कुठे ती हसली असेल ते दाखवता आलं असतं. पुढचा भाग पाठीपेक्षा मोठा व्हायचा, सासूबाई जोडताना जास्तीचं शिवणीत मुरवून टाकायच्या, आणि कुणाचं काही अडायचं नाही.

अडलं ते माझं. तुमचा बाबा तिसरीत होता. पालकांना शाळेत बोलावलं होतं तेव्हा वर्गाच्या बाईंनी माझ्यासमोर त्याचा स्वेटर खाली ओढून सारखा केला. तो पुन्हा तिरका झाला. बाई हसून म्हणाल्या, "नया ले लीजिए, मार्केट में अच्छे आए हैं." बाकीचे आईबाप रांगेत उभे होते. बसमध्ये येताना माझे कान गरम होते.

त्यानंतर मी जे केलं ते करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

जाऊ सकाळी आठ ते साडेबारा बालवाडीत शिकवायला जायची. तिचं विणकाम पिशवीत ठेवलेलं असायचं. एके दिवशी मी ते काढलं, तिने आदल्या दिवशी केलेलं चार बोटं काम उसवलं आणि माझ्या हाताने परत विणून ठेवलं. माझ्या टाक्याने ते आखूड व्हायचं, तेवढ्या ओळी मी वाढवल्या. सुया जशा खोचलेल्या होत्या तशाच खोचल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ते माझं रोजचंच झालं, कपडे वाळत घालण्यासारखं. वहीत लिहूनही ठेवायची, कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत. सासूबाई शेजारीच बसलेल्या असायच्या, पण सगळ्यांच्या सुयांवर एकच लोकर असल्यामुळे कुणाचं काम कुणाच्या हातात आहे हे त्यांना कळत नसावं, अशी मी समजूत करून घेतली होती. स्वेटर सरळ बसायला लागले. मला वाटायचं, घरात भांडण न करता मी एक गोष्ट मार्गी लावली.

दोन थंड्या मी हे केलं. दुसऱ्या थंडीत एकदा जाऊ तिचा भाग माझ्यासमोर पसरून म्हणाली, "बघा ना ताई, माझा हात किती बसलाय आता." मी म्हणाले, "हो, सवयीने बसतो." हे वाक्य मला अजून आठवतं.

तिचे वडील कऱ्हाडला शाळामास्तर होते, तेव्हा निवृत्त झालेले. भारी शिस्तीचे. मुलीला लिहिलेल्या पत्रातसुद्धा तिच्या आधीच्या पत्रातल्या चुका दुरुस्त करून पाठवायचे. ही सगळ्यात लहान. पेटी शिकायला लागली आणि सोडली, कॉलेजचं शेवटचं वर्ष लग्नामुळे राहिलं, आणि घरात तिच्याबद्दल एक वाक्य ठरून गेलं होतं की हिचं कुठलंच काम तडीला जात नाही. त्या वर्षी त्यांना छातीचा त्रास सुरू झाला. तिला जाता येत नव्हतं. तिने राखाडी लोकर आणली आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, हा एक माझा एकटीचा असू दे. बाबांसाठी आहे." सासूबाईंनी जरा विचार करून परवानगी दिली.

कऱ्हाडचे एक गृहस्थ सरकारी कामाने दिल्लीला आले होते आणि आपल्या राज्याच्या अतिथिगृहात उतरले होते. असं कुणी आलं की दिल्लीतली मराठी घरं त्यांच्या बॅगेत लोणची आणि पाकिटं कोंबायची. ते महिन्याभराने परत जाणार होते, आणि जाताना स्वेटर नेणार होते.

तिने पाठ विणली. सैल, डाव्या बाजूला जरा वाहवलेली. मला वाटलं, इतक्या शिस्तीच्या माणसाकडे हे जाणार आणि त्यांना पुन्हा एक चूक सापडणार. मी तेही उसवलं आणि परत विणलं. राखाडी लोकर बाहेर उन्हात लगेच ओळखू आली असती, म्हणून आत खिडकीपाशी बसून केलं. म्हणजे हे करू नये, हे मला कुठेतरी ठाऊक होतं.

मग तिने पुढचा भाग सुरू केला. चार बोटं झाल्यावर तिचा एक टाका सुटला. सुटलेला टाका खाली खाली उसवत जातो, म्हणून तिने तो सेफ्टीपिनेत अडकवला आणि दुपारी सासूबाईंना विचारू म्हणून पिशवीत ठेवून बालवाडीत गेली. मी पिशवी उघडली. वरच्या सहा ओळी उसवल्या, टाका उचलून घेतला, सहा ओळी परत विणल्या. आणि पिन पिनांच्या डबीत ठेवली. पिनेची जागा ती असते, म्हणून हात आपोआप तिकडे गेला.

दुपारी ती आली, हात धुतले, चहा घेतला आणि उन्हात येऊन पिशवी उघडली. मी मटार सोलत होते.

"ताई, इथे पिन होती."

"डबीत ठेवली," मी वर न बघता म्हणाले.

मग मी वर पाहिलं. तिने तो भाग मांडीवर पसरला होता आणि ती बोटाने टाके मोजत होती. कधी न मोजणारी. मग आत जाऊन पाठ घेऊन आली आणि तीही उजेडात धरली. तिने विचारलं, किती दिवस. मी सांगितलं, मागच्या थंडीपासून.

"मग बाबांच्या स्वेटरमध्ये माझं काय आहे, ताई?"

माझ्याकडे उत्तर होतं. वहीत लिहिलेलं होतं. दोन्ही भागांचे काठ आणि त्यावरचं थोडंसं, एवढंच. पण ते तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं.

तिने सगळं एका उशीच्या अभ्र्यात भरलं आणि पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवून दिलं. कऱ्हाडच्या गृहस्थांबरोबर सरोजिनी नगरहून आणलेली एक शाल गेली.

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती सकाळी माझ्या आधी उठून कणीक मळून ठेवायची. चहाचा पहिला कप मलाच द्यायची. उन्हातही येऊन बसायची, पण मटार घेऊन नाहीतर गाजरं घेऊन. सुया नाहीत. आणि गोष्टी नाहीत. मौसीजींनी दोनदा विचारलं, "आज रेडियो बंद है?" ती नुसती हसली. त्याच सुमाराला छोट्या आजोबांनी नोएडाच्या एका कारखान्यात नोकरीसाठी अर्ज केला होता. ती मिळाली असती तर ती दोघं तिकडे राहायला गेली असती. नोएडा तेव्हा फार लांब वाटायचं, दोन बस बदलून आणि पूल ओलांडून. ती असं मोजून बोलत असताना दोघं गेली तर सणावारी येतील, चहा पितील आणि परत जातील, दरीवर बसणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. रविवारचं ते बसणं माझ्यामुळे मोडलं होतं. आजोबा लडी धरायला गुडघे पुढे करून बसायचे आणि लडी आणणारं कुणी नसायचं.

मी एकदा तिला स्वयंपाकघरात गाठून माफी मागितली. आधी मनात वाक्य जुळवून गेले होते.

"अहो, राहू द्या ताई," ती म्हणाली. "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." आणि कुकरचं झाकण लावायला वळली.

शेवटी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला दिसत होतं गं. मला वाटलं, तुझी तूच थांबशील. तेवढं माझं चुकलं." मी म्हणाले, आता काय करू, माफी तर मागून झाली. त्या जपमाळ डब्यात ठेवत म्हणाल्या, "तिला माफी काय करायची आहे? तिचं काम परत दे तिला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी जावेला सगळ्यांसमोर म्हणाले की ट्रंकेतला अभ्रा दे. तिने कारण न विचारता आणून दिला. मी उन्हात दरीवर बसले आणि माझं काम उसवायला लागले. पाठीपासून सुरुवात केली. वही शेजारी उघडी ठेवली होती, एकेक ओळ मोजून उसवत होते, कारण मला नेमकं तिथे थांबायचं होतं जिथे तिचा हात संपून माझा सुरू झाला होता. मौसीजी येऊन उभ्या राहिल्या. "अच्छा-भला तो बना है, उधेड़ क्यों रही हो?"

मी म्हणाले, "ग़लत हाथ से बना है, मौसीजी."

जाऊ गाजरं किसत होती. किसणीचा आवाज थांबला आणि जरा वेळाने परत सुरू झाला.

उसवलेली लोकर सरळ राहत नाही. शेवयांसारखी कुरळी होते. ती लडी करून कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली वजन बांधून टांगायची, मग सरळ होते. आजोबांनी त्या दिवशी दोन तास लडी धरली आणि वर्तमानपत्र उघडलंसुद्धा नाही. मग ती लडी पितळेचा तांब्या बांधून कपड्यांच्या तारेवर तीन दिवस लोंबत होती.

पुढच्या भागाच्या माझ्या सहा ओळी मी सर्वांत शेवटी उसवल्या. तिथे मला जरा अडचण आली, कारण तो सुटलेला टाका मी उचलून घेतला होता. मी तो पुन्हा सोडला, मोजून तितकाच खाली जाऊ दिला, डबीतून पिन आणली आणि त्यात अडकवला. मग दोन्ही भाग, लोकरीचे गुंडे आणि वहीतलं ते पान असं सगळं तिच्यापुढे नेऊन ठेवलं. "इथपर्यंत तुझं आहे," मी म्हणाले, "आणि पुढची लोकर मोकळी आहे."

तिने काठ चाचपून बघितला. मग तिला पिन दिसली.

"हा टाका परत सोडलात?"

"जिथे होता तिथेच आहे."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, खांदे हलेपर्यंत. "ताई," ती म्हणाली, "सुटलेला टाकासुद्धा तुम्ही मोजून सोडता."

सासूबाईंनी "हं" केलं आणि चष्मा पुसायला घेतला.

तो स्वेटर तिने संपवला, पण त्या थंडीत नाही. मार्च आला, ऊन नकोसं झालं, दरी आत गेली. ती पंख्याखाली बसून विणत राहिली. दिल्लीच्या मे महिन्यात लोकर बोटांना चिकटते. ती बोटांना पावडर लावायची आणि विणायची. दोन्ही बाह्या, गळा, जोडणी, सगळं एकटीने. मी त्या खोलीत जाताना मुद्दाम पायांचा आवाज करत जायची. दसऱ्याच्या आसपास कऱ्हाडचे तेच गृहस्थ परत आले तेव्हा ती स्वतः बसने अतिथिगृहावर गेली आणि पुडकं त्यांच्या हातात देऊन आली.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. तिने ते उभ्याउभ्या आधी मनात वाचलं आणि मग सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरांचं उभट, ठाशीव अक्षर. "स्वेटर पोचला. डावी बाही दोन बोटं लांब आहे, मापात चूक झाली आहे. तुझ्या हातचा आहे हे पाहताक्षणी कळले. रोज घालतो."

मला त्या "मापात चूक"चा राग आला. तिला आला नाही. तिने ते कार्ड परत एकदा वाचलं आणि पिनांच्या डबीत ठेवलं. मी डबीतल्या वस्तूंबद्दल फार काटेकोर होते, पण कार्डाबद्दल काही बोलले नाही. ते अजून तिथेच आहे.

त्या थंडीतला पहिला स्वेटर म्हणजे तू घातलेला निळा. दरी पसरली, मौसीजी आल्या, मी चौकोन विणून पट्टीने मोजला. जावेने स्वतःहून वाटणी केली. "ताई, पाठ तुमची, पुढचं माझं, बाही एकेक." डावी बाही मी विणली. उजवी तिने विणली, आणि विणताना तिने कऱ्हाडच्या एका लग्नात घोडा मांडवातून पळाला त्याची गोष्ट सांगितली. ती लांबलचक होती. सासूबाईंनी जोडताना दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि तशाच जोडल्या. तुमच्या बाबाने शाळेत सगळ्या वर्गाला सांगितलं की ही बाही आईची आणि ही काकूची. वर्गाच्या बाईंनी मला परत काही सुचवलं नाही. सुचवलं असतं तर मी काय म्हणाले असते ते मी तयार करून ठेवलं होतं. ते वापरायची वेळ आली नाही.

छोटी आजी आणि छोटे आजोबा पुढे नोएडाला गेलेच. पण थंडीतल्या प्रत्येक रविवारी दोन बस बदलून यायचे, पिशवीत लोकर घेऊन. आता आजोबा नाहीत, सासूबाई जाऊन तर कितीतरी वर्षं झाली, आणि ते क्वार्टर पाडून तिथे उंच इमारती उठल्यात. मीही नोएडातच आले, तिच्यापासून दोन सेक्टर पलीकडे. ती रिक्षाने अकराला येते. नवव्या मजल्यावरच्या माझ्या बाल्कनीत ऊन साडेअकराला येतं आणि दोनला जातं, तेवढ्यात आम्ही खुर्च्या सरकवत बसतो. छोट्या आजोबांचा मफलर थंडीत माझ्या दाराखालच्या फटीत लावलेला असतो. अजून बंद केलेला नाही, टोकाला सुया तशाच आहेत. छोटे आजोबा आले की स्वतःच विचारतात, "पालम के आगे कुछ बना?"

माझी बोटं आता दुखतात. टाका आवळता येत नाही. महिन्याभरापूर्वी मी एक बाही संपवली आणि जावेने ती हातात घेऊन ताणून पाहिली.

"ताई, ही तर माझ्यासारखी झालीय. ढगळ."

मी म्हणाले, दिसतंय मला.

"तुम्ही दुपारी जरा पडलात ना," ती शांतपणे म्हणाली, "की उसवून नीट करून ठेवू का?"

"हात लावून बघ," मी म्हणाले. छोटे आजोबा आतून विचारत होते काय झालं, आणि आम्ही दोघी सांगण्याच्या स्थितीत नव्हतो.

ती बाही तुझ्या स्वेटरची आहे. रंग तू सांगितलास तोच, मोरपंखी. पाठ आणि डावी बाही माझी. पुढचा भाग आणि गळा छोट्या आजीचा. पार्सल आजच दिलं, आठ-दहा दिवसांत पोचेल. तुझ्या भावाची टोपी त्यातच आहे. ती त्याने लगेच घालावी, दात येईपर्यंत थांबू नये.

स्वेटर उघडलास की तुला वाटेल आम्ही विसरलो. उजवी बाही नाहीये. तिच्या जागी लोकरीचे दोन गुंडे आहेत, दहा नंबरच्या सुया आहेत, आणि खांद्यापाशी काही टाके एका सेफ्टीपिनेवर धरून ठेवलेत, तिथून उचलून सुरुवात कर. सासूबाईंचा नियम आम्ही अजून पाळतो. शाळेत शिकवलंय तसं विण, नाहीतर कुणाशी बोलत बोलत विण. लांब होईल, आखूड होईल, होऊ दे. मोजायची पट्टी मी मुद्दाम पाठवलेली नाही.